आवडीबायचा अळणी दिवस

खाडीवर पूल नव्हता, पलीकडे जायचं तर भरतीची वाट बघत बसावं लागे, त्या काळातली ही गोष्ट. दांडखार तेव्हाही मिठाचंच गाव होतं. खाडीचं पाणी आगराच्या वाफ्यांत घ्यायचं, उन्हात आटवायचं आणि खाली बसलेलं मीठ ओढून राशी लावायच्या, हेच सगळ्यांचं काम. बारशाला बाळाच्या जिभेवर आगरातला मिठाचा खडा टेकवत. मीठ लागलं की पोर गावचं झालं, असं मानत.

त्या गावात आवडीबाय नावाची सुईण होती. गावातलं प्रत्येक पोर आधी तिच्या हातात आलेलं. असं म्हणतात की तिच्या अंगठ्याला पाणी कळायचं. कुणाच्या अंगावर अंगठा टेकवला की आत पाणी किती, ते ती सांगायची.

"तान्हं पोर म्हणजे नुकता भरलेला वाफा," ती म्हणायची. "नुसतं पाणीच पाणी. वय वाढतं तसा वाफा आटत जातो. मी म्हणजे आता भर उन्हाळ्यातला वाफा." आणि स्वतःच हसायची. पण लेकराला जुलाब लागले असं कळलं की हातातलं काम टाकून धावायची. लहानाचं पाणी बघता बघता जातं, हे तिला ठाऊक होतं.

आगराचा मुकादम होता धाकू. त्याला आणि त्याच्या बायकोला, येसूला, फार वर्षांनी एक मुलगा झाला. त्याचं नाव कान्हू. तो बांधावर धावायला लागला त्या वर्षी अचानक गोल दिसायला लागला. गाल वर आले, पाय भरले. येसू त्याला कडेवर घेऊन गावभर फिरली.

"मुकादमाचं पोर ते!" शेजारची बारकी म्हणाली. "आमची पोरं म्हणजे बोंबील, हे पापलेट."

जमलेल्या बायका हसल्या. आवडीबाय हसली नाही. तिने कान्हूच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. तिथे खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"येसू, हे बाळसं नाही. हे पाणी आहे."

"तुला मेलीला गुटगुटीत पोर बघवत नाही," येसू म्हणाली आणि तरातरा निघून गेली.

पण पुढे कान्हूचे डोळे सकाळी उघडेनात. पोट नगाऱ्यासारखं झालं. लघवी थोडीशीच व्हायची, आणि तिच्यावर फेस यायचा, तो विरायचा नाही. मग धाकूने आगरातल्या माणसाने करावं तेच केलं. मीठ पाणी ओढतं, हे त्याला कोण शिकवणार? त्याने कान्हूला मिठाच्या राशीवर झोपवलं आणि घोट घोट खारं पाणी पाजायला सुरुवात केली. सगळ्या गावाला ते पटलं. पोर मात्र फुगतच गेलं. त्याला आडवं पडून श्वास घेता येईना.

तेव्हा आवडीबाय काठी टेकत राशीपाशी आली.

"धाकू, मीठ पाणी ओढतं, खरं आहे. पण ओढून कुठे टाकतं ते सांग. पावसाळ्यात रास झाकली नाही तर काय होतं? पाणी धरते आणि स्वतःच ओली होते. तुझं पोरही तसंच पाणी धरून बसलंय. त्याचं मीठ बंद कर."

"मिठावर जगायचं आणि पोराचंच मीठ तोडायचं? आगर काय म्हणेल मला?"

"आगर काही म्हणत नाही रे. पोर काय म्हणतंय ते ऐक."

कान्हू कसाबसा म्हणाला, "आये, मला घरी ने."

येसूने नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने पोराला राशीवरून उचललं आणि घर गाठलं.

त्या दिवसापासून कान्हूचं जेवण अळणी झालं. पण तो ताटाला हात लावेना. शेजारच्या चुलीवर सुकट भाजली की वास भिंतीतून यायचा आणि तो रडून रडून दमायचा. आवडीबाय त्याच्या समोर बसून अळणी भात खाऊ लागली. मग येसूने मीठ सोडलं. मग धाकूने. मग बारकीने सुकटीचं मडकं माळ्यावर ठेवलं. असं म्हणतात की बघता बघता मिठाच्या त्या गावात एकाही मडक्यात मीठ उरलं नाही.

"हे बाहेर सांगू नका," होडीवाला पोशा कुरकुरायचा. "मिठाच्या गावात अळणी कालवण! लोक माझ्याच होडीतून मला ढकलतील."

आणि एका सकाळी कान्हू बांधावर उभा राहिला आणि त्याचं अडलेलं पाणी लघवीवाटे सुटलं. ते थांबेचना. असं म्हणतात की खाडी गोडी झाली, म्हशी तिच्यात तोंड घालून पाणी प्यायल्या आणि त्या दिवशी एकाही वाफ्यात मीठ बसलं नाही. बुडालेलं मीठ बघून मुकादम बांधावर बसला आणि पोटभर हसला, मग पोराला मांडीवर घेऊन रडला. कान्हूच्या नडगीवर आता हाड लागत होतं.

पुढे आणखी पोरं सुजली. सगळी वाचली नाहीत, हेही गाव सांगतं. एका पोरासाठी गाव कितीतरी दिवस अळणी जेवलं, तरी ते गेलं. तेव्हा आवडीबाय त्याच्या आईजवळ बसून राहिली. नंतर म्हणाली, "मला पाणी कळतं. ते अडतं कशाने, ते नाही कळत."

ती फार म्हातारी होऊन गेली. तिला खांद्यावर घेतलं तर वजनच लागेना. तिने अंगातलं सगळं पाणी पोरांना वाटून टाकलं होतं, असं म्हणतात.

दांडखारमध्ये अजूनही दरवर्षी मिठाचा हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी कुणी मीठ खात नाही. पाहुण्यालाही मिळत नाही. त्या सकाळी आया पोरांना बांधावर ओळीने बसवतात आणि नडगीवर अंगठा दाबून बघतात. पोरं गुदगुल्या झाल्यासारखी हसतात. एखाद्याच्या पायावर खड्डा तसाच राहिला, तर त्याला लगेच गाडीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेतात. आणि डॉक्टर त्या पोराला मीठ खायला देत नाहीत तोवर शेजारच्या घरांतही कालवण अळणीच शिजतं. कुणाला सांगावं लागत नाही.