कोतवालाने गाळलेली नावं

फार वर्षांपूर्वी एका जंगलात दर उन्हाळ्यात जुना इतिहास सांगायची सभा भरे. साळुंकी सांगायची, “तळं म्हशींनी आटवलं, असं बेडूक म्हणतो. उन्हाने आटलं, असं कासव म्हणतं.” सगळे तिला मान द्यायचे आणि कोतवाल पक्ष्याचा नुसता जळफळाट व्हायचा. “सगळं उसनं! हिचं स्वतःचं त्यात काय आहे?”

पुढच्या सभेत तो साळुंकीच्या आधीच उठला. तिचीच हकीकत त्याने नावं गाळून, छाती फुगवून सांगितली. “तळं म्हशींनीच आटवलं. हा माझा शोध!”

म्हातारी म्हैस शिंगं रोखून पुढे आली. “कोण म्हणतं?”

“बेडूक!” कोतवाल किंचाळला.

बेडूक म्हणाला, “आत्ता आठवलो होय रे मी?”