हस्तिदंती चुडा

ही खूप जुन्या काळातली हकीकत. एका राज्यात नवरीने हस्तिदंती चुडा भरल्याशिवाय लग्न लागत नसे. त्यापायी रानातले दातवाले हत्ती मारले जात. राजाने दवंडी पिटवून हस्तिदंताची खरेदी-विक्री बंद केली. तरी गवताच्या गाड्यांत लपवून दात येतच राहिले, कारण घेणारी घरे तीच होती.

नगरात चिमाबाई नावाची कासारीण होती. नवऱ्या मुलींना चुडा तीच भरी. एकदा ती बांगड्यांसाठी लाख आणायला रानात गेली. तिथे एक थोरला हत्ती मरून पडला होता. त्याचे दात मुळापासून तोडून नेले होते. कळपातली एक म्हातारी हत्तीण सोंडेने त्याच्या तोंडावर पाला टाकत होती. वाऱ्याने पाला घसरे, ती पुन्हा टाके. चिमाबाई लाख न घेताच परतली.

महिन्याभराने नगरशेठच्या मुलीचे, मैनावतीचे, लग्न होते. शेठाणीने रेशमी रुमालातून चुडा काढला.

चिमाबाई म्हणाली, "हा मी भरणार नाही, बाईसाहेब. लाखेचा भरते."

"शुभकार्यात अडवतेस? वऱ्हाड उठून जाईल!"

"जाऊ दे. हे कुठून येतं ते मी बघितलंय." आणि तिने रानातले सगळे सांगितले.

मैनावतीने विचारले, "तो माझ्यासाठी मारला?"

"तुमच्यासाठीच, ताई. चुडा तुमच्याच मापाचा आहे."

शेठाणीने स्वतः लेकीचा हात धरला. मैनावतीने मूठ आवळली. समजावून झाले, रागावून झाले. मूठ काही सुटली नाही. मुहूर्त टळला. वऱ्हाड खरेच उठून गेले.

गावाने मैनावतीला नावे ठेवली. चिमाबाईला मोठ्या घरांची बोलावणी बंद झाली. मैनावती रडली, पण मागे हटली नाही. त्याच वर्षी आणखी दोघींनी मुठी आवळल्या, मग पाच जणींनी.

एके दिवशी तेच वऱ्हाड परत आले. नवरदेवाची आई म्हणाली, "आमच्या धाकट्या लेकीनंही मूठ आवळली. चिमाबाई, मैनावतीला लाखेचाच भरा."

तिसऱ्या वर्षी गवताची गाडी दारोदार फिरली आणि भरलेलीच परत गेली. नंतर ती आलीच नाही. शिकाऱ्यांनी हत्ती पाडायचे खड्डे खणणे सोडून नांगर धरले. रानातले दातवाले हत्ती म्हातारे होईपर्यंत जगू लागले.

तात्पर्य: घेणाऱ्यांनी ठामपणे नाही म्हटले, तरच बंदी खरी होते आणि मुका जीव वाचतो.