हरणांचा संघ

माणसांनी माळाला बांध घातले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. एका माळावर ससे रोज सांजेला हुतुतू खेळायचे. बाद झालेला ससा रेषेबाहेर बसून चरायचा, तेच त्याचं जेवण. शेजारच्या रानांत मोठे नावाजलेले संघ होते. या माळाला मात्र एकही नव्हता, आणि भुऱ्या सशाच्या मनाला ते फार लागायचं.

एक दिवस एक वानर आलं. म्हणालं, "तुम्हाला हरणांचा संघ आणून देतो. नाव तुमच्या माळाचं लावू. फक्त एवढं कुरण कुंपण घालून हरणांना द्या."

"देऊ की!" भुऱ्यानं उडीच मारली.

म्हाताऱ्या धोंडबा कासवाला काही ते पटेना. गोड बोलणारा पाहुणा आला की त्याची मान आपोआप आत जायची. त्यानं आतूनच सावकाश विचारलं, "मग आमचे ससे कुठं खेळणार?"

"आजोबा, ससे कुंपणाबाहेरून टाळ्या वाजवतील."

"आणि खातील काय?"

"अहो, माळाचं एवढं नाव होणार, आणि तुम्ही खाण्याचं काय घेऊन बसलात!"

"बरं, ही हरणं याआधी कुणाच्या नावानं खेळायची?"

"टेकडीपलीकडच्या सशांच्या."

"मग ते रान का सोडलं?"

"तिथलं गवत संपलं ना," वानर बोलून गेलं.

भुऱ्यानं खाली वाकून गवताचा एक घास तोडला आणि बराच वेळ चावला. मग म्हणाला, "वानरदादा, रेषेवरून जरा सरका. आमचा डाव खोळंबलाय."