भातुकलीतलं थोराड बाळ

"उद्यापासून येसूला राजवाड्यात आणून सोड," राणीसरकार म्हणाल्या, आणि सारजाच्या हातातला खराटा थांबला.

सारजा सोनकुंडच्या राजवाड्याचं अंगण झाडायची. येसू तिची एकुलती एक लेक. राजाला पोरं तीन: थोरला रणधीर, मधली चंद्रावळ, धाकटा मानसिंग. त्यांच्यामागे एक बाई टिकत नव्हती. कपडे काढले तिथंच पडायचे, उष्टं ताट जागेवर वाळायचं, तांब्या हाताशी असला तरी पाणी दुसऱ्यानं पाजायचं. शेवटची दासी तर निरोपही न घेता माहेरी पळाली. आता त्यांच्यामागे धावायला येसू हवी होती.

सारजा तडक राजापुढे जाऊन उभी राहिली.

"महाराज, माझी पोर मी देणार नाही. धडधाकट पोरांची उष्टी काढायला ती जन्माला आलेली नाही."

"मग उष्टी कोणी काढायची?" भद्रसेन राजानं विचारलं.

"ज्यांनी खाल्लं त्यांनी."

राजाच्या मिशा थरथरल्या. "सारजे, मी धाक घालून बघितला, सोन्याची कडी देऊन बघितली. त्यांची आई पाया पडायची तेवढी राहिलीय. तुझी जीभ फार चालते ना? उद्या दिवस मावळायच्या आत त्यांच्याकडून घरकाम करून दाखव. हुकूम करायचा नाही, विनवायचं नाही, आमिष नाही, मार नाही. जमलं तर येसू तुझ्या घरी. नाही जमलं तर ती इथं राहायला येणार."

"कबूल. पण उद्या सगळ्या नोकरांना सुट्टी द्या. आणि दिवसभर तुम्ही माझ्या ताब्यात."

"मी? मी काय करायचं?"

"रडायचं," सारजा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी येसूनं अंगणात भातुकली मांडली. राजाची असली तरी पोरं ती पोरंच. बोळकी दिसली आणि तिघंही धावत आली.

"मी आई," चंद्रावळ म्हणाली.

"मी बाबा," रणधीर म्हणाला.

"मी मामा. आत्ताच गावाहून आलोय," मानसिंग मांडी घालून बसला. येसू शेजारीण झाली. आता बाळ कोण? बाळ व्हायला कुणीच तयार होईना. बाळाला नुसतं पडून राहावं लागतं ना.

"बाळ मी आणते," सारजा म्हणाली. ती आत गेली आणि राजाला हाताला धरून घेऊन आली. घोंगडीवर बसवलं.

पोरं खिदळायला लागली. राजा सारजाकडे बघत राहिला. सारजानं डोळे वटारले. राजानं भोकाड पसरलं.

"अगंबाई, भूक लागली माझ्या सोन्याला," चंद्रावळ म्हणाली, आणि इवल्याशा वाटीतले चार चुरमुरे भरवले. राजा आणखी मोठ्यानं रडला.

शेजारणीनं नाक मुरडलं. "एवढं थोराड बाळ, एवढ्याशा वाटीनं त्याचं काय होतंय? आमच्याकडचं नाही बाई एवढं खात."

झालं. आईनं पदर खोचला आणि थेट मुदपाकखाना गाठला. तिथं ना आचारी, ना पाणक्या. बोळक्याचं काय काम? तिनं मोठं पातेलं ओढलं. रणधीर हौदावरून घागरी आणायला लागला, कारण एवढ्या बाळाला तहान केवढी लागेल! मामा मात्र अजून मांडी घालूनच बसले होते.

"मामा झालास म्हणून बसून खाणार?" चंद्रावळ कडाडली. "झाड ती ओसरी. बाळ रांगतंय, तोंडात माती घालील."

मामा उठले. सारजा पायरीवर बसून सुपारी कातरत होती.

पिठल्यात गुठळ्या, भाकरी एका अंगाला करपलेली. चंद्रावळनं घास पुढे केला. "आ कर."

राजानं तोंड फिरवलं.

"नखरे चालायचे नाहीत. खाल्ल्याशिवाय उठायचं नाही."

"सारजे," राजा कुजबुजला, "मीठ मूठभर पडलंय गं."

"बाळाला बोलता येत नसतं, महाराज."

मग बाळाला न्हाऊ घातलं. बाळाचा अंगरखा धुतला, आणि सोडा-साबण भिजलाच होता म्हणून स्वतःचेही कपडे धुतले. भांडी घासून पालथी घातली. दिवस कलला तेव्हा ओसरी लखलखत होती आणि रांजण काठोकाठ भरला होता.

राजा ओले केस पुसत उठला आणि तांब्या घेऊन रांजणाकडे वळला. "सारजे, तू हरलीस. हा तर खेळ झाला. काम कुठं झालं?"

"बरं, खेळ तर खेळ." सारजानं रांजणावर झाकण ठेवलं आणि त्यावर हात रोवला. "मग थांबा, महाराज. तहान लागली असेल तर दुसरीकडे बघा. यातलं पाणी खेळातलं, खोटं. ते कसं प्याल?"

राजानं रिकाम्या तांब्यात डोकावून बघितलं. आधी त्याच्या मिशा हलल्या, मग पोट हललं, आणि मग तो असा हसला की हातातला तांब्या खणकन खाली पडला.

"जिंकलीस. येसूला घरी घेऊन जा, आणि वर एक दुभती म्हैस. पण उद्याचं काय? उद्या कोण करणार?"

आतून भांडण ऐकू येत होतं. "उद्या आई मी होणार!" "तू मुलगा आहेस!" "मग काय झालं? भाकरी मी थापणार! आणि बाळ तेच घ्यायचं, मस्त रडतं."

राजानं डोकं धरलं. "दोन म्हशी देतो, सारजे. पण उद्या बाळ दुसरं बघ."

"राणीसरकार मोकळ्याच आहेत," सारजा म्हणाली. राजा हसतहसत पायरीवरच बसला, आणि सारजा येसूचा हात धरून म्हशी निवडायला गोठ्याकडे निघाली.