दुपारचे दिवे

"मग विधिमंडळ बरखास्त का करू नये, एवढं तरी सांगा, बाबा."

मार्तंड देवल मठाच्या ओसरीवर बसून विचारत होते. एका छोट्या डोंगराळ देशाचे ते राष्ट्राध्यक्ष. लहानपणी याच मठात अच्युतबाबांपाशी शिकलेले. पहारेकरी त्यांनी पायथ्याशीच थांबवले होते आणि चढ एकट्यानं चढून आले होते.

बाबा भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होते.

नदीला बांध घालायचा ठराव मार्तंडांनी पुन्हा पुन्हा मांडला होता. विधिमंडळानं तो दर वेळी परत पाठवला. कधी खर्चावरून, कधी कुणाच्या जमिनी जाणार यावरून. यंदा नदी फुगली आणि काठचं एक गाव झोपेतच वाहून गेलं. दुसऱ्या दिवशी सभागृहात पुन्हा भाषणं झाली. मार्तंड उठून बाहेर आले, ते परत आत गेलेच नाहीत. बरखास्तीचा हुकूम आता तयार होता. सही तेवढी राहिली होती.

"मी स्वतःसाठी काही मागत नाही," ते म्हणाले.

"ठाऊक आहे."

"लोकही माझ्या बाजूनं आहेत."

"असतील."

"मग...?"

बाबांनी पाठ पुन्हा भिंतीला नीट टेकवली.

मार्तंडांनी मग विषय बदलून मठाची चौकशी केली. त्यांच्या वेळी इथं रोज संध्याकाळी बैठक बसायची. शिष्य बाबांशी वाद घालायचे, बाबांचं म्हणणं कधी कधी खोडूनही काढायचे. ती बैठक अजून भरते का, असं त्यांनी विचारलं.

"बंद केली."

"का?"

"फार वेळ जायचा."

मार्तंडांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं. "आणि आता?"

"आता सगळं वेळच्या वेळी होतं."

"मग माझंही तेच म्हणणं आहे, बाबा."

बाबांनी नुसती मान हलवली. मग आत वळून हाक मारली. नीळकंठ बाहेर आला. मठातला सगळ्यात जुना शिष्य, केस पांढरे झालेला.

"अंधार पडला, नीळकंठा. दिवे लाव."

अंगणात ऊन रणरणत होतं. नीळकंठानं एकदा उन्हाकडे पाहिलं, एकदा बाबांकडे.

"जी," तो म्हणाला.

त्यानं ओसरीवरचा एकेक दिवा लावला. ज्योती उन्हात दिसतही नव्हत्या. काम झाल्यावर हात जोडून तो आत निघून गेला.

मार्तंडांना आधी ती थट्टा वाटली. मग ते बाबांच्या जवळ सरकले.

"बाबा... आत्ता भर दुपार आहे."

बाबांनी डोळे उघडले. दोन्ही बुबुळांवर पांढरा पडदा आला होता. मार्तंडांचा आवाज आला त्या बाजूला त्यांनी हात पुढे केला. तो थोडा चुकला, हवेतच राहिला. मार्तंडांनी तो आपल्या हातात घेतला.

"खरंच दुपार आहे?"

"हो, बाबा."

बाबांनी मार्तंडांचा हात घट्ट धरला.

"इथं मी म्हणेन तेव्हा रात्र होते, मार्तंडा."