खडक वाढला का गं?

एका समुद्राकाठी एक घार राहत होती. भरती-ओहोटी सोडून समुद्र किती चढला-उतरला, हे मोजणं तिचं काम. आणि बाई, तिचा तोरा काय विचारता! ती आभाळातून पाण्याला साद घालायची. साद परत येईपर्यंत आकडे म्हणायची. आकडे कमी भरले, की समजायचं पाणी वर आलं.

त्याच काठावर एक म्हातारी कासवीण अंडी घालायला यायची. मागल्या साली उधाणाचं पाणी तिच्या खड्ड्यात शिरलं आणि एकही पिल्लू वाचलं नाही. यंदा खड्डा कुठे खणावा, ते तिनं घारीला विचारलं.

सकाळी जाताना घार म्हणाली, "पाणी उतरलंय. खुशाल जुन्या जागी खण."

दुपारी परतताना ओरडली, "अगं, थांब थांब! पाणी हातभर चढलंय!"

कासवीण हबकली. मग जरा विचार करून म्हणाली, "वाटेतल्या काळ्या खडकालाही साद घालतेस ना?"

"घालते की. जाताना चाळीस, येताना छत्तीस."

"मग दुपारपर्यंत खडक वाढला का गं?"

घारीनं आपल्या टम्म पोटाकडे पाहिलं. जाताना पोट रिकामं, म्हणून ती उंच उडायची. येताना मासे हाणून जड झालेली, खालून यायची. ती ओशाळली. "मावशी, सगळं माझंच चुकलं. समुद्र आहे तिथेच आहे. जुन्या जागीच खण."

"आता इतकीही घाई नको. खडकावर जेवढं चुकतं, तेवढं तुझं. तेवढंच काढ. उरेल ते समुद्राचं."

घारीला मागल्या सालचे आकडे तोंडपाठ होते. आठ दिवस ती उडाली. दरवेळी आपली चूक काढून मागल्या सालाशी ताडून पाहिलं. उरलं फक्त बोटभर. पण काठाशी बोटभर, मधे बोटभर, पार पलीकडेही बोटभर! तिच्या अंगावर काटा आला.

"मावशी, एवढा अफाट समुद्र, आणि सगळाच्या सगळा वर आलाय गं! ना आवाज, ना गाजावाजा. आणि मी आपली माझं पोटच मोजत बसले होते!"

सपाट वाळूवर बोटभर पाणी वीस पावलं आत येतं. कासविणीनं जुन्या जागेच्या तीस पावलं वर खड्डा खणला. पुनवेच्या उधाणाला लाटा जुनी जागा बुडवून पुढे आल्या आणि नव्या खड्ड्याच्या दहा पावलं अलीकडे थांबल्या.

पिल्लं पाण्याकडे धावली, तेव्हा घार वर घिरट्या घालत होती. खाली आयता घास, पण त्या दिवशी तिनं उपास केला.

तात्पर्य: आपली चूक आधी मोजून बाजूला काढावी, मग जे उरेल, ते कितीही थोडं असलं तरी खरं मानावं.