चिचुंद्रीचा निरोप

सह्याद्री अजून आगीच्या लोंढ्यांतून घडत होता, तेव्हाची गोष्ट. नर्मदेकाठच्या वाळूत अंडी पुरायची आणि मागे न बघता चालू लागायचं, अशी डायनासोरांची रीत होती.

एका डायनासोरिणीने मात्र आपली लांबलचक मान मागे वळवली. अंड्यांशेजारच्या बिळात चिचुंद्री पिल्लांना पाजत पडली होती.

"पिल्लं अशी बिलगली की कसं वाटतं गं?" डायनासोरिणीने विचारलं.

"ऊब लागते," चिचुंद्री म्हणाली. "तूही थांब ना."

"कळप थांबायचा नाही. मावळतीकडून आग येतेय. माझी पिल्लं बाहेर आली की त्यांना एवढंच सांग, आई उगवतीकडे गेली."

चिचुंद्री हो म्हणाली.

पुढे राख पडत राहिली. डायनासोर संपले, वाळूतल्या अंड्यांचे दगड झाले. चिचुंद्रीने मरताना तो निरोप लेकीला दिला, लेकीने तिच्या लेकीला.

अजूनही चिचुंद्री भिंतीच्या कडेकडेने, दगडाला अंग घासत, चीं चीं करत जाते. यातल्या कुठल्या दगडातून पिल्लू बाहेर येणार आहे ते तिला ठाऊक नाही, म्हणून ती प्रत्येकालाच सांगत जाते.